बिनघड्याळाची उघाडी

पेणजवळ खाडीकाठी माझी सासुरवाडी आहे. तिथल्या बांध समितीच्या वहीत एक वाक्य आहे : "उघाडीवाला जाग्यावर नसल्याने उधाणाचे खारे पाणी शेतात शिरले." खाली नऊ सह्या आहेत, त्यांतली एक माझी. उघाडीवाला त्या दुपारी जाग्यावर नव्हता हे खरं आहे. त्याला घरी कुणी पाठवलं होतं ते मात्र वहीत नाही. मी पाठवलं होतं. हे एवढं लिहायला मला पंचवीस वर्षांहून जास्त काळ लागला.

खारेपाट ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खाडीची भरती भातशेतीत येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध घातलेला असतो. शेतात साचलेलं पावसाचं पाणी बाहेर काढायला त्या बांधात एक दार ठेवतात, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला दार उघडायचं, आतलं गोडं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत दार लावायचं. पावसाळाभर हे दिवसातून दोनदा. आमच्या सासुरवाडीच्या उघाडीला लोखंडी दार होतं आणि ते वरखाली करायला ट्रकच्या स्टिअरिंगएवढं चाक. ते चाक फिरवायचे माझ्या बायकोचे चुलतकाका. त्यांच्या आधी त्यांचे वडील फिरवायचे. मीही त्यांना काकाच म्हणायचो. ते मला गावातल्या इतरांसारखंच "जावय" म्हणायचे.

मी तेव्हा रोह्याच्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. घर पेणला, रामवाडीत. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. सकाळी पॅसेंजरने रोह्याला जायचं, संध्याकाळी परत यायचं. एका पावसाळ्यात माहेरून आलेली बायको म्हणाली, "काकांचे गुडघे पार गेलेत. भर पावसात बांधावर बसून असतात. तुमच्या कंपनीत सगळे व्हॉल्व्ह आपोआप उघडतात नि बंद होतात म्हणता. मग आमची उघाडी का नाही होणार?"

तिचं म्हणणं साधं होतं आणि त्याला उत्तरही साधंच होतं. एक मोटर, दोन स्विच आणि एक बऱ्यापैकी टायमर. मला ते तेव्हाही कळत होतं. पण माझ्या मनात दुसरंच होतं. माझ्याकडे घरी ४८६ पीसी होता आणि त्यावर मी युनिक्सच्या वळणाची, फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम चालवत होतो. इंग्रजी मासिकाबरोबर सीडी आली होती तिच्यावरची. तिचा सगळा सोर्स, म्हणजे मुळातला लिहिलेला प्रोग्राम, उघडा होता, वाचता येत होता, बदलता येत होता. ही टेबलावरच्या मशीनची सिस्टीम एखाद्या इवल्याशा बोर्डवर उतरवून बघायची, हे वेड माझ्या डोक्यात वर्षभर घोळत होतं. उघाडीचं निमित्त मिळालं. काकांच्या गुडघ्यांसाठी केलं असं मी सगळ्यांना सांगायचो, आणि काही अंशी ते खरंही होतं.

कारखान्यात नोंदी ठेवणारा एक जुना डेटा लॉगर मोडीत निघाला होता. साहेबांना विचारून त्यातला बोर्ड मी घरी आणला. वहीच्या पानाएवढा बोर्ड, वर ३८६ जातीचा प्रोसेसर, चार एमबी मेमरी, हार्ड डिस्कऐवजी दोन एमबीची एक चिप. कीबोर्ड नाही, पडदा नाही. त्याच्याशी बोलायचं तर पीसीला सिरियल केबल जोडून. पॅसेंजरच्या डब्यात माझ्यासमोर बसणारा सहकारी तो बोर्ड हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाला, "टीव्ही नाय, बटनं नाय. ह्यो कंप्यूटर कसला? नुसता आत्माच म्हनायचा."

"आत्मा अजून यायचाय," मी म्हणालो. "ही नुसती कुडी आहे."

"मग बाराव्याच्या आधी येऊ दे."

हे काम कसं चालायचं ते सांगतो, कारण पुढची चूक त्यातूनच आली. टेबलावरच्या सिस्टीमने खूप काही गृहीत धरलेलं असतं. समोर पडदा आहे, त्याच्यापुढे माणूस बसला आहे, भरपूर मेमरी आहे, फिरणारी डिस्क आहे. ती सुरू होताना या एकेकाची चौकशी करते आणि उत्तर आलं नाही की अडून बसते. लहान बोर्डवर तिला न्यायची म्हणजे तिच्या सोर्समध्ये शिरून हे प्रश्न एकेक करून बंद करायचे. माउस काढला. प्रिंटर काढला. आवाज काढला. पडद्यावर अक्षरं उमटवणारा भाग काढला. मेमरीत मावेपर्यंत छाटत जायचं.

नवीन कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, तयार व्हायला माझ्या ४८६ वर दोन तास लागायचे, तेही मध्ये लाइट गेली नाही तर. आणि चिप भरायचं उपकरण कारखान्यात होतं. म्हणजे संध्याकाळी पेणला बदल करायचे, फ्लॉपी डब्याच्या पिशवीत टाकायची, सकाळी कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला न्यायची, जेवणाच्या सुट्टीत चिप भरायची, संध्याकाळी ती घेऊन परत यायचं आणि बोर्डात बसवून बघायचं. दिवसाला एकच प्रयत्न. एक स्वल्पविराम चुकला तर अख्खा दिवस गेला. गाडीत मी डॉट मॅट्रिक्सवर छापलेले सोर्सचे कागद मांडीवर घेऊन बसायचो. बाहेर काय दिसतं ते त्या वर्षी मी पाहिलंच नाही.

दोन महिन्यांनी सिस्टीम अर्ध्यापर्यंत उठायला लागली. केबलमधून माझ्या पीसीवर ओळी यायच्या आणि एका ठिकाणी थांबायच्या. रोज त्याच ठिकाणी. बारा दिवस मला कारण सापडेना. शेवटी निडीच्या आसपास कागदावर बोट ठेवून वाचताना लक्षात आलं की ती वेळ विचारते आहे. प्रत्येक पीसीत घड्याळाची एक चिप असते, तिला बटणासारखा छोटा सेल असतो, मशीन बंद असलं तरी ती चालू राहते. सिस्टीम उठली की आधी त्या चिपला विचारते, किती वाजले. माझ्या बोर्डवर त्या चिपची जागा रिकामी होती. बनवणाऱ्याने भोकं ठेवली होती, चिप बसवलेली नव्हती. सिस्टीम त्या रिकाम्या जागेला वेळ विचारून उत्तराची वाट बघत बसली होती.

दोन रस्ते होते. मुंबईहून चिप आणून बसवायची किंवा सिस्टीमने वेळ विचारूच नये असं करायचं. मी दुसरा रस्ता धरला. सहा-सात ओळींचं काम. पहिल्यांदा वेळ केबलने लावून द्यायची, मग दर दहा मिनिटांनी सिस्टीमने ती साठवणीच्या चिपवर लिहून ठेवायची. लाइट जाऊन आली तर शेवटी लिहिलेल्या वेळेपासून पुढे मोजायला लागायचं. लाइट दहा मिनिटं गेली तर घड्याळ दहा मिनिटं मागे पडेल, एवढंच. शिवाय मोठी बॅटरी जोडणार होतोच. दुसऱ्या दिवशी बोर्ड पहिल्यांदा पूर्ण उठला. मी बायकोला हाक मारून दाखवलं. केबलमधून येऊन पीसीच्या काळ्या पडद्यावर उभी राहिलेली ती एक ओळ बघून ती म्हणाली, "एवढंच?" आणि मग माझा चेहरा बघून म्हणाली, "छान आहे हो."

वहीत मी लिहून ठेवलं : घड्याळाची चिप आणून बसवणे. पुढे खूण करायला चौकोन काढला.

सुरुवातीला मी पाण्याची पातळी बघायला तरंगता गोळा लावणार होतो. तो उघाडीत पंधरा दिवस ठेवून पाहिला तर त्यावर कालवं धरली आणि तो गाळात रुतून बसला. म्हणून भरती-ओहोटी वेळेवरून काढायचं ठरवलं. ती कशी काढायची ते काकांनीच शिकवलं. बांधावर बसून बोटांवर मोजत ते म्हणाले, "तिथीची पाऊनपट करायची. चवथ आसंल तर चाराची पाऊनपट तीन. तिनाला समिंदरान भरती. हितवर पानी चडाला आनिक पाऊन तास. अमाशेला पंध्राची पाऊनपट सवाआकरा. वर पाऊन तास. म्हंजे बारा."

"एवढं सोपं?"

"सोपां नसता तर आमच्या बापाला कवा जमला आसता?"

मी भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकांशी ताडून पाहिलं. काकांचा हिशोब दहा-पंधरा मिनिटांपलीकडे चुकत नव्हता. मग तोच प्रोग्राममध्ये घातला. बायको पंचांग उघडून तारीख आणि तिथी मोठ्याने वाचायची, मी टाइप करायचो. वर्षभराच्या तिथी आम्ही दोन रविवारांत संपवल्या. ओहोटीच्या आधी दीड तास दार उघडायचं, नंतर दीड तासाने लावायचं.

ज्येष्ठात यंत्र बसवलं. चाक काढून त्या जागी मोटर आणि गिअर आले. शेजारी पत्र्याच्या पेटीत बोर्ड आणि बॅटरी. पेटीवर एक हिरवा दिवा, यंत्र चालू आहे एवढं दाखवणारा. समितीच्या सेक्रेटरींनी नारळ फोडला, पेढे वाटले. दार पहिल्यांदा आपणहून वर गेलं तेव्हा बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "कुनाचा हात नाय गो, भूतच लागलाय."

काका पेटीकडे बराच वेळ बघत होते. मग मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "जावय, पानी बगत नाय तर याला कसा कलतां?"

"वेळेवरून, काका. तुमचाच हिशोब आहे आत."

"मी हिशोब करतंव, पर मंग बांधाव येऊन पानी बगतंव."

"त्याला बघायची गरज नाही."

समितीने त्यांना यंत्राजवळ नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. काढलेलं चाक त्यांनी घरी नेऊन पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं.

श्रावणात मी कामानिमित्त मुंबईला गेलो तेव्हा घड्याळाची चिप घेऊन आलो. आगपेटीत कापूस घालून ती टेबलाच्या खणात ठेवली. बसवायची तर बोर्ड काढून आणावा लागणार, दोन-तीन दिवस उघाडी बंद पडणार, लोक विचारणार काय झालं. ज्या यंत्राचं एवढं कौतुक झालं त्यात काही राहून गेलं होतं असं सांगावं लागणार. पाऊस संपला की बसवू, असं मी ठरवलं. यंत्र तीन महिने एकदाही चुकलं नव्हतं. कारखान्यात साहेबांनी मला दोनदा बोलावून त्याच्याविषयी विचारलं होतं.

सर्वपित्री अमावास्येला आम्ही सासुरवाडीला गेलो. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले होते, मेहुणा त्यांचं पान घालणार होता. सकाळी नऊच्या सुमारास मी एकटाच बांधावर गेलो. खरं सांगायचं तर यंत्र बघायला गेलो, जसं कुणी नवीन गाडी बघायला जातं. भात फुलोऱ्यात होतं. आदल्या दोन दिवसांत बराच पाऊस झाला होता, शेतात पाणी भरलं होतं. काका पेटीजवळ घोंगडी घेऊन बसले होते.

"आज सकालची ओहोटी गेली, दार उघडलां नाय," ते म्हणाले.

"नाही कसं उघडलं?"

"मी साडेसातपासून हितं हाय. पानी भायेर गेलां नाय. बगा ना, हाय तेवरांच हाय."

मी शेताकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. हिरवा दिवा लागलेला होता. "तुम्ही यायच्या आधी उघडून लागलंही असेल, काका. पाऊसच एवढा झालाय."

"राती लाइट नव्हती. जेवनापासून गेली ती फाटंचा कोंबडा आरवला तवा आली."

"बॅटरी आहे ना."

काकांनी मान हलवली. "आज अमाशा. बाराला उधान. मी बसतंव हितं."

त्यांच्या घरीही पितरांचं पान होतं, त्यांच्या वडिलांचं, ज्यांनी हेच चाक आयुष्यभर फिरवलं. घरात मोठे तेच, त्यांच्याशिवाय पान घालणार कोण. मी म्हणालो, "काका, घरी जा. आज वडिलांचं पान आहे. यंत्र कशाला बसवलंय मग?"

"दार उघडलां नाय त्याचा काय?"

"मी बघतो. तुम्ही जा." आणि ते उठत नाहीत असं पाहून म्हणालो, "माझ्यावर भरवसा नाही का?"

जावयाला यावर नाही म्हणता येत नाही. ते उठले, घोंगडी झटकली आणि गुडघ्यावर हात देत बांधावरून निघाले. वळणावर थांबून त्यांनी एकदा मागे पाहिलं. मी हात केला.

मी बघतो म्हणालो होतो. पण बघणार कसं? यंत्राला किती वाजले असं वाटतंय हे कळायला केबल आणि दुसरा कंप्युटर लागला असता, ते दोन्ही पेणला. साध्या पीसीच्या कोपऱ्यात वेळ दिसते. दोन महिने खपून तो पडदाच मी काढून टाकला होता. हिरवा दिवा फक्त सांगत होता की मी चालू आहे. मी पाच मिनिटं तिथे उभा राहिलो आणि परत आलो. घरी गर्दी होती, वडे तळले जात होते, कुणीतरी मला पाट दिला.

रात्री काय झालं होतं ते नंतर मी पेटीतल्या नोंदींवरून काढलं. चार महिने दमट हवेत राहून बॅटरी अशक्त झाली होती. लाइट गेल्यावर ती थोडाच वेळ टिकली. मग बोर्ड बंद पडला तो लाइट येईपर्यंत. मधे सहा तास गेले. उठल्यावर त्याने शेवटची लिहिलेली वेळ वाचली आणि तिथून पुढे मोजायला सुरुवात केली. भरती आणि ओहोटी यांच्यात सहा तासांचंच अंतर असतं. घड्याळ दोन तास मागे असतं तर दार थोडं अवेळी उघडून थोडं नुकसान झालं असतं. सहा तास मागे असल्यामुळे त्याला दुपारचे बारा हे सकाळचे सहा वाटले, आणि वर्षातल्या मोठ्या उधाणाला त्याने पूर्ण ओहोटी समजून साडेदहाला दार उघडलं. काकांचा हिशोब बरोबर होता. घड्याळ माझं होतं.

आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा बांधाकडून एक बाई ओरडत आली, "पानी आलां, खारां पानी आलां." सगळे उष्ट्या हातांनी पळाले. दार पूर्ण वर होतं आणि खाडी आत ओतत होती. मातकट पाणी भाताच्या रांगांमधून पसरत चाललं होतं, फुलोरा पाण्यावर तरंगत होता. काका माझ्या आधी पोचले होते. सोवळ्याचा पंचा नेसलेले, उघडे. पडवीतलं चाक त्यांनी खांद्यावर आणलं होतं. पण चाकाच्या जागी आता गिअर होता, ते बसणार कुठे? पेटीची किल्ली माझ्या खिशात होती. मी पेटी उघडली, पण वायरी ओढल्या असत्या तरी दार वरच राहिलं असतं, खाली आणायला मोटरच हवी होती. मी पेटी उघडी टाकून नुसता उभा राहिलो. लोक पोती भरून टाकत होते, ती वाहून जात होती. काका छातीभर पाण्यात उतरून दाराच्या तोंडात फळ्या आडव्या घालायला बघत होते. दोघांनी ओढून त्यांना बाहेर काढलं.

दीड वाजता मोटरचा आवाज आला. यंत्राच्या लेखी ओहोटीची वेळ संपली होती. दार शांतपणे खाली आलं आणि लागलं. समुद्र आत आणि दार बंद.

तिसऱ्या दिवशी देवळात समितीची बैठक झाली. सगळे सतरंजीवर बसले होते, मला खुर्ची दिली होती आणि कपबशीतून चहा. सेक्रेटरींनी वही उघडली आणि विचारलं, "उघाडीवर कोन व्हता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. आता तुम्ही बोलाल ना, असं ते बघणं होतं. मी बशी खाली ठेवली. मनात वाक्य तयार होतं. ओठांवर आलं ते वेगळंच. "लाइटीचा घोटाळा झाला. रात्रभर वीज नसली तर कुठलंही यंत्र काय करणार? माणूस जागेवर असता तर निदान वेळेवर कळलं असतं."

मग काका म्हणाले, "मी नव्हतंव. पान घालाला घरा गेलतंव."

मागून कुणीतरी म्हणालं, "जावयानं पदरमोड करून यंत्र लावून दिलां. तुला नुसता बसाचा व्हता, तेवरांबी जमला नाय?"

सेक्रेटरींनी 'उघाडीवाला जाग्यावर नसल्याने' हे वाक्य लिहिलं. वही फिरली. माझ्याकडे आली तेव्हा मी ते वाचलं आणि सही केली. पेन पुढच्या माणसाला दिलं.

संध्याकाळी मी एसटीच्या थांब्याकडे निघालो तेव्हा काका रस्त्यात गाठ पडले, मुद्दाम थांबले असावेत. मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हाताने थांबवलं. "ऱ्हाव दे जावय. तुमी बोललाव आसताव तर गावानं तुमाला तोंडाव काय बोलला नसता. पर पोरीला आयुष्यभर आयकाला लागला आसता. तिचा म्हायेर तुटाला नको. तुमी येत ऱ्हावा."

त्यांनी तोंड मिटून घेतलं ते माझ्यासाठी नव्हे, हे मला तेव्हा कळलं. आणि बायकोच्या आडून आपण सुटलो याचं मला बरं वाटलं, हेही लिहायलाच हवं.

भात आठवड्यात करपलं. पाणी आटलं तशी शेतांवर पांढरी खार आली. पुढची दोन वर्षं तिथे काही पिकलं नाही. समितीने काकांना उघाडीवरून काढलं. कुणी भांडलं नाही, त्यांना बोलावणं बंद झालं एवढंच. जुनं चाक परत बसवलं गेलं आणि दुसरा माणूस आला. काका त्यानंतर बांधावर गेले नाहीत. ओटीवर बसून जाळी विणायचे. आम्ही जायचो तेव्हा मला बघून उठून उभे राहायचे, जावई आला म्हणून. त्या उठण्याची मला एवढी भीती वाटायची की मी जाणं कमी केलं. चौथ्या वर्षी ते गेले. मी कारखान्याचं काम सांगून मातीला पोचलो नाही.

रोह्याला जाताना डब्यातल्या सहकाऱ्याने विचारलं, "आत्म्याचा काय झाला?" मी म्हणालो, "गावातल्या लोकांना वापरता आलं नाही." हेही मीच म्हणालो होतो.

बायकोने मला एकदाच विचारलं. पेणला परतताना नाही, महिन्याभराने, भांडी पुसताना. "काकांना त्या दिवशी घरी कुणी पाठवलं?" मी म्हणालो, "पान होतं ना, गेले असतील." तिने हातातलं ताट दोनदा पुसलं आणि फळीवर ठेवलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. सात वर्षांपूर्वी ती गेली. तिने मला ओळखलं होतं की माझ्यावर विश्वास ठेवला होता, हे आता मला कधी कळणार नाही. दोन्हींतलं काय बरं, तेही ठरवता येत नाही.

या वर्षी मी सासुरवाडीला गेलो. बांधाला मोठी खांड पडून बरीच वर्षं झाली, पुन्हा कुणी बांधली नाही. शेतांच्या जागी तिवरांचं रान आहे. समिती राहिली नाही. सेक्रेटरींच्या सुनेने माळ्यावरून वही काढून दिली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. मी विचारलं, यात एक ठराव लिहू का. ती म्हणाली, "लिवा ना, कोन वाचतां आता?"

तिच्या ओटीवर बसून मी लिहिलं : "त्या दिवशी उघाडीवाला आपण होऊन गेला नाही. त्याने सकाळी दोष दाखवून दिला होता. मी तो ऐकला नाही व त्यास घरी जाण्यास सांगितले. यंत्रात घड्याळ नव्हते, हे मला ठाऊक होते. नुकसानीस मी कारण आहे." खाली 'सूचक' लिहून सही केली. ठरावाला अनुमोदक लागतो. त्या बैठकीतला माझ्याशिवाय एकही माणूस आता हयात नाही.

काकांची मुलगी गावातच असते, दोन घरं सोडून. मी वही घेऊन तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती सुकत घालायच्या बोंबलांची दोरी हातात धरून उभी होती. माझं झाल्यावर मी वही पुढे केली आणि म्हणालो, "इथे तुझी सही झाली तर ठराव पुरा होईल."

तिने वही घेतली, माझं लिहिणं बोट फिरवत वाचलं. मग मागचं पान उलटलं आणि ते जुनं वाक्य, त्याखालच्या नऊ सह्या पाहिल्या.

"मी सही नाय करनार," ती म्हणाली. "माज्या बापाला मानसांत बसवून बोललीत, तवा नऊ जनांनी सही केली. आता तुमी येकट्यानं लिवलाव, आनि बाकीच्यांच्या जागी मी करू?"

"तुला राग येणं बरोबर आहे."

"राग नाय. कायबी झाला तरी तुमी जावयच आमचे. च्या करतंय, बसा." आत जाताना तिने वही माझ्या हातात परत दिली. "बाबा तुमाला बगून उटायचे ना, त्यांचे गुडघे दुकायचे. तरी उटायचे."

मी चहा घेतला. बशी नको म्हणालो. वही सेक्रेटरींच्या सुनेला परत दिली तेव्हा तिने विचारलं, झाला का ठराव. अनुमोदक या शब्दापुढे मी आखलेली रेघ तशीच आहे. मी तिला नाही म्हणालो.